विजूच्या पायावरची पिवळी रेघ

२ नोव्हेंबर, रविवार

विजूला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. आजपासून ही रोजनिशी. कंपनीत प्रत्येक कामाचं रेकॉर्ड ठेवतो, मग पोरीच्या पायाचं का नको? वाचणार कुणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

परिस्थिती अशी. विजू म्हणजे विजयश्री, वय सात. तान्ही असताना हाडात पू झाला आणि उजव्या पायाची वाढ मागे पडली. एका बुटाला जाड सोल लावून चालते. आता ऑपरेशन करून नडगीचं हाड कापलंय आणि पायाभोवती स्टीलच्या रिंगा बसवल्यात. रिंगांना नट आहेत. ते रोज थोडे फिरवायचे, म्हणजे हाडाची दोन टोकं केसभर लांब जातात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. असा पाय वाढतो.

डॉक्टर हे समजावत होते तेव्हा मला हसूच आलं. नट! राव, चाकणच्या प्लांटमध्ये इतकी वर्षं मी दुसरं करतोय काय? क्वालिटीत आहे मी. सैल नट माझ्या नजरेतून सुटत नाही. वर्षालीला म्हटलं, बायको, बिनधास्त राहा, हे आपलंच काम आहे. तिने पिशवीतली औषधं मोजायला घेतली. भारावली असावी.

३ नोव्हेंबर, सोमवार

नट फिरवायला सुरुवात. सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा. संकल्प: दोन्ही वेळा मीच फिरवणार.

सकाळी पाना हातात घेतला. विजूने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात लक्षात आलं की घरात दूध नाही. दुधात कॅल्शियम असतं, हाडाला लागतंच. पाना वर्षालीकडे दिला आणि चौकात गेलो. परत आलो तर काम झालेलं. विजूचे डोळे लाल, वर्षालीचेही.

संध्याकाळी पुन्हा दूध कमी वाटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटलीला जागा नाही, सगळं दूध. वर्षाली दही लावते, पनीर करते, उरलेलं खाली घरमालकीण आक्काबाईंना देते. आक्काबाई मूळच्या इथल्याच, कुरुळीच्या, तोंडाला कुलूप नाही. जिन्यात अडवून म्हणाल्या, ज्योतीराम, पोरीच्या पायाला पाना लागला की तुला बरं दूध आठवतंय! मी म्हटलं, योगायोग हो आक्का. तर म्हणाल्या, व्हय व्हय, लई मोठा योगायोग हाय.

वर्षाली नट फिरवते ते ठीक. पण तपासणार कोण? जो काम करतो त्यानेच तपासायचं नसतं, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. तेव्हा वाटणी केली. ऑपरेटर वर्षाली, इन्स्पेक्टर मी. पाय जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आला.

कंपनीतून पिवळा मार्कर आणला. आमच्याकडे नट टाइट झाला की नटावरून बोल्टवर एक सरळ रेघ मारतात. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. जेवणाआधी विजूच्या एकूण एक नटावर रेघ मारली. तिला फार आवडलं. वरच्या रिंगेवर फूलही काढून घेतलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शंका होतीच मला! संध्याकाळी दूध घेऊन आलो, तपासणी केली, तर चार नटांच्या रेघा तुटलेल्या. एका दिवसात सैल! मी नसतो तर?

वर्षाली भाकऱ्या थापत होती. तिला सांगून कशाला घाबरवायचं, आधीच बिचारी अर्धी झालीय. गुपचूप पाना घेतला, रेघेला रेघ जुळवली, चारही नट जागेवर आणले.

आणि मुख्य म्हणजे विजू रडली नाही. म्हणाली, पप्पा, तुमचं दुखतच नाही, उलट बरं वाटतं. हलका हात आहे माझा. आमच्या गावी परांड्याला माझे आजोबाही असेच होते, गुरांचे पाय बसवायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकल्प: घोट्याचा व्यायाम मी घेणार. पाऊल वर ओढून धरायचं, नाहीतर ते खाली वाकडं राहतं म्हणे. धरलं. विजू किंचाळली. मी विचार केला, विश्रांतीही उपचारच आहे. तिला मोबाइल दिला.

वर्षालीने मोबाइल काढून घेतला आणि स्वतः व्यायाम घेतला. वर मला म्हणाली, तुमच्या असल्या मायेनं पोरीचा पाय आखूडच राहायचा. फार लागलं मनाला. निषेध म्हणून चहा घेतला नाही. अर्धाच घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रोज चार नट सैल. तेच चार! बाकीचे जागचे हलत नाहीत. याला आम्ही पॅटर्न म्हणतो. खूप डोकं चालवलं आणि कारण सापडलं. घरासमोरून दिवसभर कंटेनर जातात, त्यांचं व्हायब्रेशन. पलंगाच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवले. आक्काबाईंनी विचारलं, ह्ये काय? म्हटलं, टेक्निकल आहे.

विजू आता माझी वाट बघते. वर्षालीचा पाना झाला की रडत रडत विचारते, पप्पा कधी येणार? मी आलो की पाय स्वतःहून पुढे करते. कंपनीत प्रितमला सांगितलं. तो म्हणाला, भावा, पोरीला बाप लागतोच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

वर्षालीला मात्र जमत नाही. विजू सांगत होती, मम्मी नट फिरवताना गाणं म्हणते आणि मम्मीचंच नाक वाहतं. बायका हळव्या असतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

विजूने ऑपरेशनआधीच बूट पसंत करून ठेवलेत. पांढरे, बाजूला चांदणी. दुकानदाराने सोल लावून देतो म्हटलं, तर ही म्हणाली, नको, एकाच डब्यातले दोन्ही पाहिजेत. पुढच्या वर्षी गॅदरिंगला तेच घालून नाचणार आहे. मी शब्द दिलाय.

सोमवारी एक्स-रे. कदाचित डॉक्टर माझ्या मार्करची पद्धत विचारून घेतील. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक्स-रे झाला. हाडातली फट जवळपास होती तेवढीच आहे.

डॉक्टरांनी वर्षालीला विचारलं, नट रोज फिरवताय ना? ती म्हणाली, रोज, दोन्ही वेळा, पोरीची शप्पथ. आणि रडायला लागली. मी मोठ्या मनाने मध्ये पडलो. म्हटलं, सर, ऑपरेटर नवीन आहे, ट्रेनिंग कमी पडलं असेल. हे मी म्हटलं. बायकोसमोर म्हटलं.

मग डॉक्टरांना पिवळ्या रेघा दिसल्या. विचारलं, हे कुणी केलं? मी उभा राहून सगळं समजावलं. तोवर विजूच म्हणाली, मम्मी फिरवते ना, ते पप्पा रोज संध्याकाळी परत जागेवर आणतात. पप्पांचं दुखत नाही.

डॉक्टरांनी माझं बोट धरलं आणि एकेका नटावर ठेवलं. हे चार फिरवायचे. बाकीचे कधीच नाही. म्हणाले, हे पहिल्या दिवशी दाखवलं होतं. दाखवलं असेल. वर्षाली कोणते फिरवते ते मी कधी बघितलंच नाही. तेव्हा मी दुधाला असायचो.

डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचं हाड लवकर जुळतं. फट बुजायला लागलीय. आता दिवसातून चार वेळा फिरवायचं, पुढच्या सोमवारी पुन्हा एक्स-रे. फट उघडली नाही तर परत ऑपरेशन, परत हाड कापायचं.

पिंपरीच्या हॉस्पिटलपासून कुरुळीच्या घरापर्यंत वर्षाली विजूच्या पायावर हात ठेवून बाहेर बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

व्हायब्रेशन नव्हतं.

पलंगाखालचे रबर काढले. चारही वेळा वर्षालीनेच फिरवलं. मी दूध आणायला गेलो नाही, जिन्यात बसलो. तिथपर्यंत सगळं ऐकू येतं. आक्काबाई वर आल्या, माझ्याशेजारी बसल्या, आणि टोमणा न मारता त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारपर्यंत सुट्टी टाकली. वर्षालीने सकाळी पाना माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, माझ्या हातून तिनं रडायचं आणि तुमच्या हातून बरं वाटून घ्यायचं, हे आता बास. तुम्ही फिरवा.

विजू टाळ्या वाजवायला लागली. पप्पा फिरवणार, पप्पा फिरवणार! पाय तिनेच पुढे केला, हसतच. मला उठून पळून जावंसं वाटलं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

फिरवला. बरोबर दिशेने. पहिल्याच नटाला तिने माझी कॉलर धरली. पण ओरडली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे. चौथा झाल्यावर हळूच म्हणाली, पप्पा, आज तुमचं चुकलं का?

म्हटलं, नाही बाळा. आज बरोबर केलं.

मग ती म्हणाली, मला मम्मीकडे द्या. दिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बुधवारपासून सगळे फेरे मीच फिरवले. आता मी बाहेरून आलो आणि दाराची कडी वाजली की विजू पाय चादरीखाली घेते.

आज एक्स-रे. फट उघडलीय, थोडीशी, पण उघडलीय. ऑपरेशन टळलं. वर्षाली मटकन खुर्चीत बसली. डॉक्टरांनी विजूला विचारलं, काय बेटा, कसं चाललंय? तिने रीतसर तक्रार केली. म्हणाली, आता पप्पांचंपण मम्मीसारखंच दुखतं.

डॉक्टर म्हणाले, व्हेरी गुड.

रिक्षात विजू वर्षालीच्या मांडीवर झोपली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, विजूचा वॉकर धरून. वाटेत मोशीपाशी वर्षालीने मागून माझ्या खांद्याला हात लावला. मला वाटलं, काही बोलणार. म्हणाली, चौकात उतरा, घरात दूध नाहीये.