खिशातली चिठ्ठी

जबलपूर, ऑगस्ट १९४२. रविवार, संध्याकाळ.

शेजारचे गोविंदराव झेंडा घेऊन निघाले आणि तुरुंगात जाऊन बसले. त्यांचं राजकारण मला कधीच पटलं नाही. पण आत त्यांना ताप आहे असं कळल्यावर मीच वहिनींना म्हणालो, रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करवतो.

आजाऱ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून पाळकांना द्यायची असतात. चिठ्ठी लिहिली होती. पण पुढच्याच बाकावर आमच्या कचेरीतले गोरे साहेब! चिठ्ठी खिशातच राहिली. इंग्लंडच्या बादशहासाठी प्रार्थना झाली, तिला मात्र मोठ्यानं आमेन म्हणालो. काहून?

आत्ता वहिनी कुंपणाशी आल्या. "भाऊजी, घेतलं ना जी ह्यांचं नाव?"

"हो," म्हणालो.

त्यांनी चर्चच्या दिशेनं हात जोडले. माझा हात खिशात, चिठ्ठीवर.