पहिल्या रांगेतली सहा नंबरची छत्री

१७ मे
संताप, संताप, संताप. किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने देणाऱ्या इरिदेबाईंनी पहिल्या रांगेतली सहा नंबरची छत्री फुल्वियोला दिली. म्हणजे माझ्या मेव्हण्याला! ज्याला वाळू टोचते, जो जन्मभर सुट्टीला डोंगरात गेला, त्याला. आणि मी एकोणीस उन्हाळे तोरिनोहून त्याच किनाऱ्यावर, त्याच चौथ्या रांगेत, लोकांच्या केसाळ पाठी बघत बसलोय. पहिल्या रांगेतलं कोणी गेल्याशिवाय तिथे जागा होत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून एकोणीस वर्षं मी सहा नंबरवरच्या नोटरीच्या विधवेच्या तब्येतीची आपुलकीने चौकशी केली. खोकल्याच्या गोळ्या नेऊन दिल्या. यंदा ती एकदाची गेली (मुलीकडे राहायला, कायमची), तर छत्री कोणाला?

१८ मे, सकाळी
इरिदेबाईंना रजिस्टर पत्र टाकलं. मुख्य वाक्य: जिवात जीव आहे तोवर तुमच्या वाळूत पाय ठेवणार नाही, चौथ्या रांगेतली आमची एकतीस नंबरची छत्रीही तुम्हाला लखलाभ. वाक्य जमलंय. दोनदा मोठ्याने वाचलं.
बायको, लोरेदाना, म्हणाली, पत्र चांगलंय, पण माझ्या वाढदिवसाचं काय? पंधरा ऑगस्टला साठ पूर्ण होतात. तिचं मागणं एवढंच की त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर मध्ये कोणाची पाठ नको, नुसता समुद्र दिसावा. आणि मी शेजारी असावं, न भांडता. मी म्हणालो, मिळेल. शब्द दिला.

३० मे
योजना तयार. तीन दिवस, १४ ते १६ ऑगस्ट. इरिदेबाईंच्या हद्दीच्या दोरीला लागून सार्वजनिक वाळू आहे, फुकट. तिथेच बसायचं, त्यांच्या नाकावर टिच्चून. आणि थेट पाण्याच्या काठाला, म्हणजे पहिल्या रांगेच्याही पुढे! एकोणीस वर्षं हे सुचलं कसं नाही? खोली टायरच्या दुकानाच्या वर मिळाली. अर्ध्या भावात. मालक म्हणाला, समुद्र दिसतो.

१२ जून
फुल्वियोचा फोन. घेतला नाही. पुन्हा फोन. घेतला नाही. लोरेदाना म्हणाली, अरे, एकदा ऐकून तर घे. मी म्हणालो, माफी मागायची असेल तर रजिस्टर पत्राने मागावी. संध्याकाळी स्वतःच आला आणि खाली रस्त्यात उभा राहून ओरडायला लागला, दाजी, अहो दाजी, छत्रीचं जरा ऐका! मी खिडकीचं शटर खाली ओढलं. लोरेदाना खाली गेली, अर्ध्या तासाने वर आली. समजा कोणी आपल्याला पहिल्या रांगेत बसवलं, तर येशील का, असं विचारत होती. मी म्हणालो, मेलो तरी नाही. ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली. पटलं असावं.

८ जुलै
जुन्या बाजारातून छत्री आणली. सराव म्हणून बाल्कनीत उघडली. खालच्या मजल्यावरच्या पाउतास्सोबाईंच्या दोन कुंड्या गेल्या. बाई म्हणाल्या, समुद्र तिकडे आहे गालेसियो, माझ्या डोक्यावर नाही. बाईंना विनोद करायची फार हौस. कुंडी कठड्यावर ठेवतं का कोणी?

२ ऑगस्ट
जेवणाचं ठरलं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात पैसे घालवायचे नाहीत. घरून ओव्हनमधला पास्ता, मोठा ट्रे. जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही. लोरेदाना म्हणाली, साठाव्या वर्षी मी बुडेन असं वाटतंय का तुला? नियम म्हणजे नियम.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी ७
तीन पॅसेंजर गाड्या बदलून पोचलो. एकीतही एसी चालू नव्हता. खोलीतून समुद्र दिसतो, कमोडवर उभं राहिलं तर. मालकाशी बोललो. म्हणजे तो निघून जाईपर्यंत बोललो.
मग मुख्य काम. छत्री पाण्याच्या काठाला रोवली, दोन खुर्च्या, साखळी, कुलूप. उद्या आठला आलो की जागा हजर. आणखी वीसेक हुशार लोकांनीही तेच केलंय. लोरेदानाने पाटी दाखवली, की सामान ठेवून जाण्यास मनाई आहे. मी म्हणालो, त्या पाट्या परदेशी लोकांसाठी असतात.
दोरीपलीकडे फुल्वियो दिसला. आणि कुठे बसला होता? चौथ्या रांगेत, एकतीस नंबरला, आमच्या जागेवर! सहा नंबर तर रिकामा. म्हणजे एकाने भागलं नाही, दोन्ही बळकावल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. लोरेदाना म्हणाली, झोप आता.

१५ ऑगस्ट, सकाळी ६:४०
वाळू सपाट. एकही छत्री नाही. किनारारक्षक शेवटच्या खुर्च्या ट्रकवर चढवत होते, त्यांत माझ्या दोन, साखळीसकट. वाद घातला. कोवळा ऑफिसर म्हणाला, काका, पाण्यापासून पाच मीटर वाट मोकळी ठेवायची असते, तुम्ही तर निम्मे पाण्यातच होता. वर दंडाची पावती. सामान सोडवायचं ऑफिस सतरा तारखेला उघडणार, आज पंधरा ऑगस्टचा उन्हाळी सण, उद्या रविवार, अख्खा देश बंद. आम्ही सोळाला निघतोय! या देशाचं काही होणार नाही.

सकाळी १०
लोरेदानाने रिकामी वाळू बघितली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मी पलीकडे सहा नंबरला बसते, तूही चल. आणि मग सगळं सांगितलं.
फुल्वियोचा ताडपत्र्या बसवायचा धंदा. मे महिन्यात तो इरिदेबाईंच्या बारचं छत घालायला गेला होता. बाई मला फोन करून थकल्या होत्या (जेवणाच्या वेळेला मी फोन घेत नाही, सर्वांना माहीत आहे). त्याच दिवशी होकार नसता दिला तर छत्री दुसऱ्याला जाणार होती. म्हणून फुल्वियोने आपलं नाव दिलं. बहिणीच्या साठीसाठी. छत्रीखाली दोन खाटा, एक तिची, एक माझी. आणि माझं पत्र पोचल्यावर एकतीस नंबरही त्यानेच घेतला, परक्याकडे जाऊ नये म्हणून. लोरेदानाला हे जूनपासून माहीत होतं!
मग मला कोणी सांगितलं का नाही? मला या घरात कधीच कोणी काही सांगत नाही.
इरिदेबाई दोरीपाशी आल्या. म्हणाल्या, गालेसियोसाहेब, पत्र कॉफीच्या मशीनशेजारी लावलंय, आत्ता फाडते, या बरं आत. बारमधली सगळी माणसं बघत होती. मी म्हणालो, लिहून दिलेला शब्द मी मोडत नाही. लोरेदाना दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

दुपारी १२:३०
वाळूत बसलोय. ऊन. माझ्यापुढे बेर्गामोचं एक कुटुंब, सात पाठी. मधून मधून सहा नंबर दिसतो. लोरेदानाच्या शेजारच्या खाटेवर टॉवेल टाकून जागा अडवलीय. अर्थात फुल्वियो! एकतीस आहे, तरी इथेही हक्क. आणि माझा निळा टॉवेल पिशवीतून गायब. मी स्वतः भरला होता. आता चोऱ्याही सुरू.

दुपारी ३
पास्ता लोरेदानाच्या पिशवीत राहिला होता. फुल्वियो दोरीवरून ताट घेऊन आला. म्हणाला, दाजी, रागावून खा, पण खा. खाल्लं. भुकेपोटी. माफी वेगळी. लोरेदाना जेवल्याबरोबर पाण्यात उतरली, सगळ्यांसमोर. मी उभा राहून घड्याळ दाखवलं. तिने हात हलवला. बुडाली नाही.

संध्याकाळी ७
छत्र्या मिटल्या. लोरेदाना ओल्या केसांनी आली. मी विचारलं, समुद्र कसा दिसला? म्हणाली, मध्ये कोणीच नव्हतं. शेजारीही कोणी नव्हतं.
मग काखेतला टॉवेल माझ्या हातात दिला. निळा. माझाच. सकाळपासून त्या खाटेवर तोच होता, आणि दिवसभर येईल त्याला ती सांगत होती, इथे माणूस यायचाय. मी दिवसभर त्याच टॉवेलकडे बघून फुल्वियोला शिव्या घालत होतो.
टॉवेल कोरडा ठणठणीत. वाळूचा कणसुद्धा नाही. वाईट वाटलं. खूप वाटलं.
ठरवलंय, उद्या सकाळी उठल्याबरोबर सहा नंबरला जाऊन बसायचं. पत्राचं बघता येईल.
इरिदेबाई साडेआठला छत्र्या उघडतात. आमची परतीची गाडी सकाळी पावणेसातची आहे.