शेवटची डावी जागा

३ मार्च
आलो एकदाचे! पार्कने दिलेलं क्वार्टर दोन खोल्यांचंच आहे, पण खिडकीतून थेट लाकडी रोलर कोस्टर दिसतो. मुंगी खिडकी सोडायला तयार नाही. लेकीचं खरं नाव वेगळं आहे, पण चण लहान आणि पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून मुंगी. सामान लावायच्या आधी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तिची उंची मारली. लाकडी गाडीत बसायला लागते तेवढी जेमतेम भरली, तीही अंबाडा धरून. आम्ही दोघीच, त्यामुळे घर लागायला वेळ लागला नाही.
माझं काम सोपं आहे. प्रत्येक कोस्टरपुढच्या पाटीचा मजकूर लिहायचा आणि पार्क उघडलं की तोच माइकवरून सांगायचा.

५ मार्च
गाड्यांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींनी आज कोस्टरच्या जाती शिकवल्या. रुळांवरून दोन, पोलादी आणि लाकडी. पोलादी लोण्यासारखी जाते, लाकडी हाडं खिळखिळी करते आणि लोक त्यासाठीच रांग लावतात. मग माणूस कसा जातो त्यावरून: बसती, टांगती, जिचे रूळ डोक्यावर आणि पाय हवेत, उभी, आणि पालथी, जिच्यात पोटावर आडवं होऊन पाखरासारखं जायचं. शेवटी वाटेवरून: गोल, म्हणजे निघाली तिथेच परत येणारी, आणि येरझारी, त्याच रुळांवरून उलटी येणारी. मी म्हटलं, येरझारी म्हणजे माझे नोकरी शोधायचे दिवस. मिस्त्री पहिल्यांदाच हसले.
मुंगीने सगळ्या जाती पाठ केल्या. जेवताना ती ‘टांगती’ असते, खुर्चीच्या पायावर टाचा आपटत. झोपताना ‘पालथी’.

७ मार्च
रोज सकाळी प्रत्येक गाडी एकदा रिकामी सोडून बघतात. जागेवर माणूस असेल तर त्याला धरून ठेवणारा दांडा मांडीशी अडतो, नसेल तर पार गादीला टेकतो. लाकडी गाडीतला शेवटच्या ओळीतला डावा दांडा मात्र रिकाम्या जागेवरही वर अडतो. लहान मुलाच्या मांडीइतका वर.
मी पाटीवर चोवीस जागा लिहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, तेवीस करा. मग दुरुस्त का नाही करत, असं विचारलं तर गाडी चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, अगं, बसलंय ते बसू दे की, तुझ्या काय डोक्यावर बसलंय? सगळे खो खो हसले. मला ही निव्वळ चालढकल वाटली. मॅनेजरांच्या कानावर घातलं.

१० मार्च
बाहेरचा फिटर येऊन स्प्रिंग बदलून गेला. दांडा गादीला टेकला. मॅनेजरांनी शाबासकी दिली. दुपारी चहाला मात्र मला कोणी हाक मारली नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, बाई, विचारायचं तरी.

१२ मार्च
काल शेवटून दुसऱ्या ओळीतला दांडा अडला. आज तिसऱ्या. मिस्त्री म्हणाले, जागा काढून घेतली की माणूस उठणारच. कोण माणूस, ते सांगेनात.

१६ मार्च
काल अगदी पुढचा दांडा अडला होता. आज एकही नाही. सगळे गादीला टेकले. मावशींनी डोक्यावरची टोपी काढली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, लेकीला थोडे दिवस तुझ्या बहिणीकडे पाठव. मी म्हटलं, शाळा आहे, परीक्षा झाली की बघू.

१७ मार्च
चौकटीवर दुसरी रेघ आहे. मुंगीच्या रेघेच्या बोटभर खाली. मुंगीला विचारलं. म्हणाली, तिची. कोणाची? गाडीतलीची. तिला घरात राहायचंय गं आई, पण जागा मोकळी टाकून कायमचं येता येत नाही म्हणे.
उद्याच बहिणीला फोन करते.

१९ मार्च
बहीण उद्या न्यायला येतेय. आज कामगारांच्या घरच्यांसाठी पहिली फेरी होती. मुंगीला घरात बसवून बाहेरून कडी लावली होती — नक्की लावली होती.
माइकवर वाचत होते, ही गोल गाडी, निघाली तिथेच परत येते — आणि शेवटच्या डाव्या जागेवर मुंगीची लाल रिबन. ओरडले. गाडी चढावर गेली होती. मावशी रडत होत्या, मी नाही गं बसवलं.
परत आली. हसत उतरली. घट्ट धरलं तिला.
जेवताना टाचा आपटल्या नाहीत.

२० मार्च
बहिणीला येऊ नको म्हणून सांगितलं. आधी खात्री —
जाती विचारल्या. एकही आठवेना. पलंग माझा कुठला, म्हणाली.
चौकटीला उभी केली. टाचा टेकवून. पुन्हा पुन्हा. डोकं खालच्या रेघेला लागतं.

२१ मार्च
सकाळची रिकामी फेरी. शेवटचा डावा दांडा वर. नवी स्प्रिंग असून वर.
खाली हात घातला. ऊब आहे. म्हटलं, रूळ डोक्यावर, पाय हवेत — कोणती गं?
पत्र्यावर टाचा. टक टक. टक टक.

२२ मार्च
मिस्त्री म्हणाले, बदली बसल्याशिवाय कोणी उतरत नाही. म्हटलं, मग लावा दांडा. मावशींनी तोंड फिरवलं.
बसलेय. दांडा मांडीला लागायच्या आतच अडला — मांडीवर आहे. माझीच आहे, केसांचा वास —
मुंगी, आता तू उतर. आई बसलीये.
चढ सुरू. अक्षर हलतंय. खाली क्वार्टरची खिडकी. खालच्या रेघेची ती उभी आहे, हात हलवतेय. एकटीच —
उतरलीस ना? मुंगी, मांडीवरचं वजन अजून —