एका नावामागची माणसं

दि. १२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनीचा खोकला थांबला? तिला वाफ घ्यायला सांग. लेक परीक्षेच्या धसक्यानं नीट जेवत नाही म्हणे, तिच्या ताटाकडे लक्ष ठेव. मी ठणठणीत. फक्त डोळ्यांत दोनदा थेंब घालावे लागतात.

अकरा वर्षांत एक पत्र नाही, मग हिला हे सगळं कुठून ठाऊक, असं मनात आलं असेल. सांगते. आधी कामावरची गंमत ऐक.

इस्पितळातल्या औषधसाठ्याचा डेटाबेस माझ्याकडे. शिकवायला कोणी नव्हतं, धडपडत शिकले. त्याचं लायसन्स माणशी एक. पण वॉर्डातल्या सगळ्याच नर्सना साठा बघायचा असतो, म्हणून मी डोकं चालवलं. मधे आणखी एक सर्व्हर बसवला. सगळ्यांनी त्याला विचारायचं, त्यानं डेटाबेसला. डेटाबेसच्या लेखी वापरणारा एकच. काय खूश होते मी स्वतःवर!

परवा कंपनीचा तपासनीस आला. गोड बोलणारा.

"मावशी, या एका नावामागे माणसं किती?"

"एकही नाही. मधला सर्व्हर आहे तो."

"सर्व्हरला कुठे औषध लागतं? ज्याला उत्तर हवंय तो मोजायचा. मधे दारं कितीही असोत."

वही घेऊन यादी करायला निघाले. दुपारचं ऊन हिरव्या पडद्यांतून झिरपत होतं, लांबलचक वॉर्ड पाण्याखाली असल्यासारखे हिरवट, शांत. एकेक नर्स हळूच नाव सांगायची, मी लिहायचे. त्रेचाळीस. चार वर्षं एवढी माणसं विचारत होती, आणि मला एकच दिसत होतं.

त्या उन्हात एकदम तुझी लेक आठवली.

दर रविवारी मी तिला फोन करते. ती तुला गुडघ्याचं विचारते ना, ते मी विचारलेलं असतं. अकरा वर्षांपूर्वी आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तू बोलावलंस. "सर्व्हर बदलतोय रे, उद्या येते," म्हणाले. आले तेव्हा आई नव्हती. "आता मशीनलाच आई म्हण," म्हणालास. चुकीचं काही बोलला नाहीस. पण पुढे तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही, म्हणून पोरीला मधे बसवलं.

पण गेल्या रविवारी ती म्हणाली, "आत्या, थेंब घालताना पापण्या गच्च मिटू नकोस हं. लहानपणी मिटायचीस म्हणे."

आई गेल्यावर हे माहीत असणारं माणूस एकच उरलंय. माझे डोळे आले होते तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन थेंब कोण घालायचं रे?

म्हणजे त्या पोरीमागे आपण दोघं आहोत. तिला आता मोकळं करू या. लवकर लिही, चारच ओळी, पण तुझ्या हातानं. पापण्या उघड्या ठेवते.

दर रविवारी विचारणारी,
तुझी ताई