विळीला चिकटलेलं कांद्याचं साल

दादा, परवा ग्रहण होतं आणि मी गरोदर सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली. ती हसली. मला तुमची आठवण आली, आणि ती चांगली नव्हती.

दुष्काळाचं साल होतं. तुम्ही शेवगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचात, आईला दिवस गेले होते. ग्रहणाच्या दुपारी कामावरून आलात तर चुलीपाशी विळी, पात्याला कांद्याचं साल. "कुनी चिरलं?" आई म्हणाली, "म्या. भूक लागल्ती." तुम्ही विळी अंगणात भिरकावलीत.

बाळ झालं ते पाठीवर लिंबाएवढी गाठ घेऊनच. पाय हलत नव्हते. पुढं डोकं मोठं होत गेलं. नगरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, मणका पोटातच नीट जुळला नाही, यात आईचा दोष नाही. तुम्ही मान डोलावलीत. आणि परतताना एसटीत म्हणालात, "डाक्टरला काय कळतंय? गिऱ्हानात विळी धरली तू. पोराचं पाय तूच कापलं." सगळी एसटी ऐकत होती. आई बाळाचं जड डोकं दंडावर तोलत बसली होती.

दहा महिने जगला तुमचा लेक. एकदाही मांडीवर घेतला नाहीत. विळी मात्र त्या दिवसापासून आईच्या हाती द्यायची नाही, भाजी मी चिरायची, असा तुमचा हुकूम झाला. आल्यागेल्याला कारणही तुम्हीच सांगायचात, आईच्या देखत. मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. मी बोलणार. मला तुमचा अजून संताप येतो.

पण तो कांदा मी चिरला होता, दादा. नऊ वर्षांची होते, कोरडी भाकरी घशाखाली उतरत नव्हती. तुम्ही मला माराल म्हणून आईनं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. एसटीत मी तुमच्या शेजारीच होते. तोंड उघडलं असतं, तर तुमच्याच न्यायानं आई सुटली असती. नाही उघडलं, तेव्हाही आणि तुम्ही असेपर्यंत कधीच.

आई शेजारच्या खोलीत आहे. ऐंशी उलटली तिची. मी भाजी चिरायला बसले की अजून विळीपासून लांब सरकते. हे सगळं तिच्यापाशी बोलायला हवं. ते जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.