अठ्ठावीस घरांची भाषा

पुणे,
रविवार, २० फेब्रुवारी २०११

तीर्थस्वरूप गंगव्वाअक्कास,
गोपाळकृष्ण मास्तराचा साष्टांग नमस्कार.

ऊट आयतु? जेवलीस का, हे तुझ्याच बोलीत विचारतोय. म्हणजे तुला वाचून दाखवणारा अल्लाबक्षही हसेल आणि तूही. अल्लाबक्षा, दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लाव. पत्र मोठं आहे, मध्ये थांबायचं नाही.

आमचं बरं चाललंय. मुलगा शुभंकर खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सकाळी इंग्रजीत जातो, संध्याकाळी हिंदीत परत येतो, मराठी रविवारी बोलतो. सून पूर्णिमा माझी काळजी घेते, म्हणजे साखर लपवते. परवा मंडईत मी पुंडी मागितली. भाजीवाली म्हणाली, "अंबाडी म्हणा की आजोबा, पुण्यात राहता ना?" पूर्णिमानं लसूण घालून छान केली. तुझ्या चुलीवरची नव्हे, पण ते तिला सांगायची माझी छाती नाही.

देवळापुढचा तो दगड आहे का गं अजून? तिकडून एक विद्वान आले, म्हणाले वरची अक्षरं कानडी, गाव आठशे वर्षं आमचं. महिन्याभरात इकडून दुसरे आले. खालच्या दोन ओळी मराठी, म्हणून गाव आमचं! दोघे एकदा समोरासमोर आले आणि तुझंच ताक पिऊन भांडले. तू म्हणालीस, "झालं असेल तर सरका, मला मिरच्या वाळत घालायच्यात." अक्का, ते दिवस फार आठवतात. बाविशीत परगावी आलेल्या मास्तराला तू दहा वर्षं भाकरी घातलीस, कानडी शिकवलीस.

काल जनगणनेच्या बाई आल्या होत्या. मातृभाषा? मराठी. आणखी कोणती येते? म्हटलं, कानडी. बाई म्हणाल्या, "नक्की ना आजोबा? तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं आम्हाला." त्या गेल्या आणि मला जेवण गेलं नाही.

एकाहत्तर साली असाच कागद घेऊन मी तुझ्या दारात उभा होतो. घरात कोणती भाषा बोलता, विचारलं. तू हसून म्हणालीस, "तू आलास की मराठी, तू गेलास की कानडी."

मी मराठी लिहिलं.

तुझंच नाही, तुमच्या अख्ख्या गल्लीचं. अठ्ठावीस घरं. तसं लिही म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सीमेचं भांडण पेटलेलं, दोन्हीकडचे गावोगावची डोकी मोजत होते, आणि मला वाटलं मी गाव राखतोय. मराठीचा मोठा कैवारी लागून गेलो होतो!

दोन वर्षांनी तुम्ही कानडी शाळेसाठी अर्ज केलात. तोही मीच लिहून दिला, बघ माझा निर्लज्जपणा. उत्तर आलं, गावात कानडी घरं पुरेशी नाहीत. पारावर ते मोठ्यानं वाचलंही मीच. लोक म्हणाले, सरकार आंधळं आहे. मी मान डोलावली.

तुझी लेक नीलव्वा माझ्या वर्गात खिडकीशी बसायची. तोंडी हिशेब माझ्याआधी करायची, पण मराठी पुस्तक उघडलं की मुकी. शेवटी तू तिला शेळ्यांमागे धाडलंस. म्हणालीस, "मास्तर, तिच्या डोक्यात शिरत नाही." तिचं डोकं चांगलं होतं अक्का. हे तेव्हा सांगायचं सोडून मी वर्षभरात बदली मागून घेतली. तुला सांगितलं, आई आजारी आहे. आई ठणठणीत होती.

खरं तर हे पत्र मी नीलव्वालाच लिहायला घेतलं होतं. मराठीत लिहिलं, फाडलं. मग कानडीत लिहिलं, तेही फाडलं. तिला दोन्ही वाचता येत नाहीत. पन्नाशीकडे आलेली बाई, आणि माझी माफीसुद्धा तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची?

म्हणून गुरुवारच्या एसटीनं मीच येतोय. तोवर तिला काही सांगू नका. अल्लाबक्षा, तूही नाही. ते माझं काम आहे, आणि ते मी तिच्या भाषेत करीन. तिनं दारातून हाकललं तर त्या दगडावर बसेन, तुझ्या मिरच्या जरा सरकवून.

तुझं मीठ खाल्लेला, आणि तुझ्या घराची भाषा खोटी लिहिलेला,
गोपाळकृष्ण मास्तर