व्याह्यांनी सरळ विचारलं

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी. ठकीला घेऊन डॉक्टरांकडे चाललोय. तुझे बाबाही सोबत आहेत. आठवडाभर ती उदास दिसत होती, म्हणून मी नातीला विनोद सांगत होतो आणि ती हसत होती. तुझ्या बाबांना जन्मात एक विनोद जमला नाही. त्यांनी आज सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का गं?" ती "हो" म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. माझा नुसता जळफळाट!

औषधांच्या कपाटाला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात आहे. थेट दवाखान्यात ये. तिला रागावू नकोस, नुसतं ऐक.

आत्ता ती दारात व्याह्यांचा हात धरून उभी आहे. मला तिची पाण्याची बाटली धरायला दिलीय. व्याह्यांनी दोनदा मागितली. देणार नाही.

— आजोबा क्रमांक दोन